शुक्रवारी गाडी मार्लिस चालवायची

"आज कोणाला आणलंत, सर?" परीक्षा घेणारी बाई कागदांची पाटी छातीशी धरून जाता जाता विचारून गेली. उत्तरासाठी ती थांबली नाही, थांबायचं काही कारणही नव्हतं. एकतीस वर्षं आर्विड टॉलफसन या परवाना कचेरीत कोणाला ना कोणाला घेऊनच येत आला होता. निवृत्त होईपर्यंत गावातल्या शाळेत तो गाडी चालवायला शिकवायचा. याच निळ्या खुर्च्यांवर सोळा-सोळा वर्षांची पोरं घामेजून बसलेली असायची आणि तो त्यांच्या कानाशी पुटपुटायचा, आरसा, मग खांद्यावरून मागे, मग सिग्नल, घाई नको. आज शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हतं. आज त्यानं स्वतःलाच आणलं होतं. तो खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसला आणि हातातल्या चिठ्ठीकडे पाहू लागला. एकसष्ट. भिंतीवरच्या पाटीवर अजून अठ्ठेचाळीस होते. कोटाच्या आतल्या डाव्या खिशात तो गुलाबी कागद होता आणि उजव्या खिशात तिकीट लावलेलं पाकीट. दोन्हींचं वजन ते काय असणार, पण आज हा कोट घालताना त्याचे खांदे दुखले होते.

गुलाबी कागद पोलिसांनी दिला होता. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं त्या रात्री खरा परवाना काढून घेऊन हा हातात ठेवला. तीस दिवस हाच परवाना, असं त्यावर लिहिलं होतं. नंतर सहा महिने काहीच नाही. पकडल्यापासून दहा दिवसांच्या आत सुनावणी मागितली तरच काही आशा, नाहीतर दार बंद. आजचा सोमवार म्हणजे दहावा दिवस. पाकिटात तो सुनावणीचा अर्ज होता, सही केलेला, सगळा भरलेला. एक चौकट तेवढी कोरी होती. त्या चौकटीवर खूण करून पाकीट समोरच्या टपालपेटीत टाकलं की झालं. पेटी चारला उघडतात. आत्ता सव्वातीन झाले होते.

सहा महिने. हा शब्द मनात आला की त्याला मार्लिसचं तोंड दिसायचं, घट्ट मिटलेलं. त्याची बायको चौतीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात होती, दोन वर्षं. तिला तो आता आर्विड म्हणून कळत नसे, कधी भाऊ वाटायचा, कधी पाद्री. पण दुपारी बाराला तो समोर बसला आणि तिच्याच ताटातला पहिला घास त्यानं स्वतः खाल्ला की ती त्याच्या जबड्याकडे टक लावून बघायची आणि मग आपलं तोंड उघडायची. दुसऱ्या कोणासमोर नाही. तिथल्या पोरी प्रेमळ होत्या, त्यांनी सगळे लाड करून पाहिले, गाणी म्हटली, चमच्याचं विमान केलं. मार्लिसनं विमानाकडे पाहिलं आणि ओठ आवळून घेतले. मार्चमध्ये आर्विडला ताप आला, चार दिवस तो जाऊ शकला नाही. चार दिवसांत तिचं वजन सहा पौंडांनी उतरलं. पाचव्या दिवशी त्यानं तिचा हात धरला तेव्हा अंगठी बोटावर फिरत होती. तेव्हापासून त्याला ताप यायची चोरी होती. तिकडे जायला बस नव्हती. मुलगी ॲरिझोनात. शेजारी एखाद्या दिवशी नेतील, दुसऱ्या दिवशीही नेतील, पण रोज कोण नेणार, आणि मागायचं कसं? या भागातली माणसं तशी भली. तुमचं छप्पर उडालं तर न बोलावता शिडी घेऊन हजर. पण आपल्या तोंडानं मागायचं म्हटलं की सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटते. आर्विडच्या बापानं तर दवाखान्यात मरतामरता नर्सला पाणी मागितलं नव्हतं, कामात आहे बिचारी, म्हणून.

आणि हे सगळं झालं कशानं, तर मार्लिसच्या हिवाळी कोटानं. नोव्हेंबर लागला, तिथे खिडकीपाशी गार वारा येतो, म्हणून तो कपाटातून तिचा जुना हिरवा कोट काढायला गेला आणि खिशात तीन लाकडी चकत्या लागल्या. या भागातल्या क्लबांत ही पद्धत आहेच, कोणी तुमच्या नावानं पेला सांगितला आणि तुमचा आधीचा अजून संपलेला नसला, की बारवाला तुमच्यापुढे एक लाकडी चकती ठेवतो. सवडीनं कधीही या, चकती द्या, आपला पेला घ्या. मार्लिस कधी सवडीनं यायचीच नाही. अडतीस वर्षं दर शुक्रवारी ती दोघं तळ्याकाठच्या क्लबात तळलेली मासळी खायला जायची. तो दोन पेले घ्यायचा, ब्रँडी, साखर, संत्र्याची फोड, वर एक चेरी. ती एकच घ्यायची, तोही चेरी खाण्यापुरता. कोणी दुसरा पाठवला की चकती खिशात टाकायची आणि म्हणायची, "राहू दे, मला तुला घरी न्यायचंय." शुक्रवारी गाडी मार्लिस चालवायची. गावातल्या अर्ध्या लोकांना ज्यानं गाडी शिकवली तो माणूस शुक्रवारी संध्याकाळी मुकाट्यानं उजवीकडच्या सीटवर बसायचा, इकडे चाक डावीकडे असतं, आणि त्याला ते फार आवडायचं. तिचे हात चाकावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, आणि ती दिवसभरातलं काहीबाही सांगतेय. त्याला आता वाटे, लग्न म्हणजे आपल्या लेखी तेवढाच रस्ता होता, सात मैलांचा.

क्लब विकला होता. नवा मालक आला की या चकत्या म्हणजे नुसतं सरपण. तिचे तीन पेले वाया जाणार, ही गोष्ट त्याला एकाएकी सहन होईना. तो एकटाच गेला, त्यांच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला, मासळी मागवली आणि तिन्ही चकत्या एकामागून एक बारवर ठेवल्या. बारवाल्यानं चकत्या पाहिल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि ब्रँडीची बाटली खाली काढली. तिसऱ्या पेल्यातली चेरी आर्विडनं कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, उद्या तिला देऊ म्हणून. बाहेर आला तेव्हा अंधार पडला होता, सहा वाजून गेले होते. तो गाडीपाशी गेला, उजवीकडचं दार उघडलं, बसला, पट्टा लावला, आणि वाट बघत राहिला. किती वेळ कोण जाणे. काच धुरकटली. ती आत कोणाशी तरी बोलत असेल, तिचं हे नेहमीचंच, निघते म्हणायचं आणि दारात अर्धा तास. मग काचेवरून एक थेंब ओघळला आणि त्याच्या लक्षात आलं की आतून कोणी येणार नाहीये. त्या क्षणी तो रडला नाही. लाजला. इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना, आणि पट्टा सोडून पलीकडे जाऊन बसला. गाडी सुरू केली. दिवे लावले नाहीत. शुक्रवारी दिवे मार्लिस लावायची.

दोन मैलांवर मागून निळा-लाल प्रकाश आला. खिडकीपाशी वाकलेला चेहरा ओळखीचा निघाला, फेंग शियाँग, बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, या जिल्ह्याच्या पोलिसांत भरती झालेला, लाओसमधून येऊन इथे वसलेल्या हमोंग लोकांतला पहिलाच मुलगा. त्याची आई शनिवारच्या बाजारात कोथिंबीर आणि भोपळे विकायची. गाडी शिकताना फेंग चौकात इतका वेळ थांबायचा की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. "सर, तुमचे दिवे," फेंग म्हणाला, आणि मग त्याला वास आला. नंतर जे झालं ते आठवलं की आर्विडच्या कानांच्या पाळ्या अजून तापत. पांढऱ्या रेषेवरून चालताना नवव्या पावलाला तो कलला. आणि फेंग डोळ्यांपुढे पेन धरून तपासत होता तेव्हा आर्विड म्हणाला, "हात स्थिर ठेव रे, आणि जरा लांब धर. इतक्या जवळून काय दिसणार तुला?" किती प्यायलात विचारल्यावर त्यानं तीन सांगितले, आणि कोणाचे तेही सांगितलं, आणि उजवीकडच्या दाराचंही सांगितलं. विचारलं नव्हतं ते सगळं सांगितलं.

चौकीत यंत्रात फुंकायच्या आधी वीस मिनिटं समोर बसून माणसावर नजर ठेवायची असते, ढेकर आली नाही, तोंडात काही गेलं नाही ना ते बघायला. फेंग समोर बसला. भिंतीवरचं घड्याळ सव्वासात दाखवत होतं. आर्विडचा जीव खालीवर व्हायला लागला. साडेसातला तो मार्लिसला फोन करायचा. रोजचं तेच बोलायचं, गाडी आत लावली, दार लावलं, झोप आता. त्याशिवाय ती कोणाला बूट काढू द्यायची नाही, बूट घालून काठावर बसून राहायची. त्याचा फोन तर काढून घेतला होता. त्यानं मागितला नाही. नुसतं घड्याळाकडे पाहिलं, परत पाहिलं. फेंग म्हणाला, "काय झालं, सर?" मग त्यानं सांगितलं. फेंग उठला. "नंबर सांगा. मीच करतो, तुम्हाला फोन देता येत नाही मला." बाहेरच्या खोलीतून त्याचा हळू आवाज येत होता, आपल्या आजीशी बोलावं तसा. गाडी आत लावली. दार लावलं. सहा मिनिटांनी तो परत आला आणि म्हणाला, "बूट काढले त्यांनी." आर्विडनं यंत्रात फुंकलं. शून्य पॉइंट शून्य नऊ. मर्यादा शून्य पॉइंट शून्य आठ.

"सहा मिनिटं!" वकीलबाई कॉरीन मेयर जवळजवळ ओरडलीच. हार्डवेअरच्या दुकानावर तिची कचेरी, जिल्ह्यातल्या असल्या सगळ्या केसेस तिच्याकडे. ती आर्विडची विद्यार्थिनी नव्हती, हे त्याला बरं वाटलं. "तो सहा मिनिटं खोलीबाहेर होता आणि हे तुम्ही मला आत्ता, तासभर बोलून झाल्यावर सांगताय?"

"त्यात काय सांगायचं? भला मुलगा आहे तो."

"असेल हो भला. चाचणी गेली ना त्याच्या भलेपणात! वीस मिनिटं नजर ठेवली नाही तर त्या आकड्यावर बोट ठेवता येतं. इथे, ही चौकट. चाचणी नियमाप्रमाणे झाली नाही. बाकी तुमच्याकडे लढायला काही उरलेलंच नाही, सगळं तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगून बसलाय. गप्प राहायचा हक्क आहे, हे वाचून दाखवलं होतं ना तुम्हाला?"

"दाखवलं होतं."

"मग?"

"तो विचारत होता. उत्तर न देणं बरं दिसलं नसतं."

कॉरीननं चष्मा काढून डोळे चोळले. "या जिल्ह्यात तो हक्क कोणीच वापरत नाही. माझं पोट त्यावरच चाललंय." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आर्विड, तुमच्या मनात काय चाललंय ते कळतंय मला. मी प्यायलो होतो, मग मागायचं कोणत्या तोंडानं. हो ना? हक्क काही फक्त निर्दोष माणसांसाठी राखून ठेवलेले नसतात. चुकलेल्या माणसाचेही असतात. तुम्ही मागितलं नाही तर कोणी घरी आणून देणार नाही." निघताना दारात तिनं आणखी एक सांगितलं. सहा महिने बंदी आली तरी कामापुरता मर्यादित परवाना मिळतो, ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्यानं. पण तो नोकरीवाल्यांना. निवृत्त माणसाला खिडकीवरच परत पाठवतात बहुतेक. "तरी विचारून बघा. पण भिस्त चौकटीवर ठेवा."

भिस्त चौकटीवर. तीन दिवस तो अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होता आणि आर्विड त्याच्या कडेनं कॉफी प्यायचा. काल, रविवारी, दारावर टकटक झाली. फेंग होता, साध्या कपड्यांत, हातात आईनं दिलेला भोपळा. वकिलाशिवाय त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, असं कॉरीननं बजावलं होतं. आर्विडनं त्याला आत घेतलं आणि कॉफी ओतली.

"मी यायला नको होतं," फेंग म्हणाला. "पण ती सहा मिनिटं. तुम्ही वकिलाला सांगितली असतील तर बरंच झालं. नसतील तर सांगा."

"तू कागदात लिहिलंस का ते?"

फेंग कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. "कागदावर ते छापलेलंच असतं, सर. वीस मिनिटं सतत नजर ठेवली. खाली फक्त सही करायची. मी केली. रोजची सवय. घरी गेल्यावर लक्षात आलं."

"आणि सुनावणीत विचारलं तर?"

"खरं सांगेन."

"मग?"

"मग काय, खोट्या कागदावर सही. चौकीत दोघंतिघं पहिल्या दिवसापासून टपूनच बसलेत, हा कधी घसरतो म्हणून." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "आईला म्हटलं, गेली नोकरी तर तुझ्याबरोबर कोथिंबीर विकेन. ती म्हणते, तुला तेही जमायचं नाही, तू सगळी फुकट वाटशील. भरा तुम्ही चौकट, सर. मार्लिसबाईंना तुमची गरज आहे."

तो गेल्यावर आर्विडनं भोपळा उचलून खिडकीत ठेवला, मग तिथून काढून टेबलावर ठेवला. कॉरीन म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. हक्क होता, खरा होता, कायद्यानं दिलेला. पण तो त्या मुलाच्या दयेच्या पोटातून निघाला होता. फेंग खुर्चीला चिकटून बसला असता, म्हाताऱ्याच्या बायकोचे बूट गेले खड्ड्यात म्हणाला असता, तर चौकटीला काही अर्थच उरला नसता. आणि दुसऱ्या बाजूला मार्लिस होती, अंगठी बोटावर फिरणारी. तिला काय सांगायचं, मी भला माणूस आहे म्हणून तू उपाशी राहा? रात्रभर त्यानं दोघांना तराजूत घातलं. एकदा वाटलं, फेंग तरुण आहे, त्याला दुसरं काम मिळेल, मार्लिसला दुसरा आर्विड कुठून मिळणार. लगेच त्याला स्वतःची घाण वाटली. पहाटे पहाटे त्याला एवढंच कळलं की त्या शुक्रवारी दिवे न लावता दोन मैल गाडी हाकली ती त्यानं स्वतः. समोरून सायकलवर कोणी आलं असतं तर? तो शिकवताना पोरांना विचारायचा तोच प्रश्न. त्याची किंमत फेंगकडून वसूल करायची नव्हती.

पंचावन्न. छप्पन्न. बाहेर टपालाची गाडी आली. काचेतून सगळं स्पष्ट दिसत होतं, टपालवाली उतरली, किल्ली लावली, पेटीचं दार उघडून खाली टोपली धरली. आर्विडचा हात कोटाच्या उजव्या खिशात गेला, पाकिटाची कड बोटाला लागली. उठून दहा पावलं चाललं असतं तर ती थांबली असती, इथे सगळे थांबतात. खिशात पेनही होतं. टपालवालीनं पेटीला कुलूप लावलं, हातमोजे चढवले. गाडी निघून गेली. त्यानं हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. आता एवढीच एक खिडकी उरली होती, आणि तिच्यातून बहुतेक परतच पाठवतात.

"एकसष्ट!"

खिडकीतली बाई तरुण होती, अनोळखी, नखांना जांभळा रंग. तिनं गुलाबी कागद पाहिला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, त्याबद्दल तो मनातल्या मनात तिचे आभार मानत राहिला. "कामापुरता परवाना हवाय. बरं. मालकाचं नाव?"

"मालक नाही. मी निवृत्त आहे."

"मग हा तुमच्यासाठी नाही, काका. हा कामावर जाणाऱ्यांना." तिनं कागद त्याच्याकडे सरकवला, वाईट वाटून, पण सरकवला. तिचे डोळे त्याच्यामागच्या रांगेकडे गेले.

एरवी आर्विड टॉलफसननं काय केलं असतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बरं, राहू दे, उगाच तुमचा वेळ घेतला, असं म्हणून टोपी घालून तो दाराबाहेर पडला असता आणि वर हसलाही असता. शब्द जिभेवर तयारच होते. त्यानं दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले आणि ते शब्द गिळले. मागे कोणीतरी खोकलं.

"नाही," तो म्हणाला. आवाज शाळेतला निघाला, त्यालाच अनोळखी. "परवाना कशाकशासाठी देतात ते त्या कागदावर लिहिलेलं असेल. मला वाचून दाखवा."

बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कागद उलटला आणि जांभळं नख ओळींवरून फिरवू लागली. "नोकरी. शिक्षण. प्रार्थनेला जाणं. घर चालवणं, म्हणजे किराणा, मुलांची ने-आण, तसलं."

"घर चालवणं. ते लिहा."

"कुठून कुठे?"

त्यानं पत्ता सांगितला. ती लिहिता लिहिता थांबली. "हे तर शुश्रूषागृह आहे. चौतीस मैल. तुमचं घर इथे, गावात आहे ना?"

"राहतो मी इथे," आर्विड म्हणाला. "घर तिकडे आहे. बायकोला जेवू घालतो मी. दुसऱ्या कोणाच्या हातून ती खात नाही."

बाईनं पेन हातात फिरवलं, उठली, आतल्या खोलीच्या दारात जाऊन कोणाशी तरी बोलली. दारातून एक पांढरं डोकं बाहेर आलं, आर्विडकडे पाहून परत आत गेलं. ती परत आली, खुर्ची ओढून बसली आणि नवा कागद घेतला.

"वेळा सांगा."

"सव्वाअकराला निघतो. बाराला ती जेवते. दोनपर्यंत परत."

"सोमवार ते शुक्रवार?"

"शनिवारीही."

"रविवारी तरी सुट्टी?" तिनं वर न बघता विचारलं.

"रविवारीही जेवते ती," आर्विड म्हणाला.